नव्या ओळखीचा योग

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "खंयसून इलास?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "जालन्याहून."

"आणि जावचा खंय?"

मी गोंधळले. सकाळची वेळ, हातात नवी कोरी चटई, आणि समोर पांढरा लेंगा आणि खाकी शर्ट घातलेला एक किडकिडीत म्हातारा. उत्तर पटलं नाही तर हा आपल्याला इथंच उतरवून देईल, अशी त्याची नजर. "इथंच आलेय मी, योगासाठी," मी चाचरत म्हटलं.

"ता झाला आजचा. फुडे खंय जावचा?"

"माहीत नाही."

"मगे बसा," ते म्हणाले. "ठरला की माका सांगा."

वेंगुर्ल्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी बरेच दिवस त्यांना शाळामास्तरच समजत होते, आणि या माणसाने कुठल्या वर्गाला काय शिकवलं असेल, याचं मला नवल वाटत होतं. नंतर कळलं की ते आयुष्यभर एसटीच्या गाडीवर कंडक्टर होते. हे कळल्यावर त्यांच्या सगळ्या सवयींचा उलगडा झाला. ते वर्गात कधी बसत नसत. दोन पाय फाकवून, जमीन हलत असल्यासारखे चटयांमधून फिरत आणि वळताना त्यांचा एक हात आपोआप आधार शोधत वर जाई. आसनांची नावं त्यांना पाठ नव्हती, किंवा असली तरी ती वापरण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. ताडासनाला ते म्हणत, "दांडो धरून उभे रवा, गाडी घाटात आसा." भुजंगासन म्हणजे 'सोरप'. आणि शवासन हा शब्द तर त्यांनी कधीच उच्चारला नाही. "शेवटचो थांबो," ते म्हणायचे, "सगळ्यांनी आडवे व्हा."

मी तिथं पोचले ती माझ्या घरमालकीणबाईंमुळे. आई गेल्यावर मी बदली मागून घेतली होती आणि बँकेने मला थेट समुद्राकाठी पाठवलं. भाड्याची खोली छान होती, खिडकीतून माड दिसत, पण रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात यायचं, की शनिवारी दुपारी बँकेतून निघाल्यापासून आपल्या तोंडून एकही शब्द बाहेर पडलेला नाही. घरमालकीणबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. एक दिवस त्या जिन्याखालून ओरडल्या, "मॅडम, तुमी मास्तरांच्या योगाक जावा बघू. योग ऱ्हवांदे बाजूक, माणसां तरी भेटतली!"

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या शेडमध्ये. काजू भाजणं थांबून किती काळ लोटला होता कोण जाणे, पण भिंतींना अजून तो वास होता, आणि दीर्घ श्वास घेताना भूक लागायची. दारावर मास्तरांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. पाटीवरची भाषा मात्र कचेरीतली: 'नव्या ओळखीचा योग. ओळखीच्या माणसाशेजारी बसण्यास सक्त मनाई आहे.'

हा नियम ते कडकपणे पाळत. नवरा-बायको आली तर दोघांना दोन टोकांना. शेजारणी आल्या तर मध्ये अख्खी रांग. पाठीला पाठ लावून बसायचं, एकमेकांचे हात धरून वाकायचं, आणि मग जोडीदाराला एक प्रश्न विचारायचा. तो मास्तर ठरवून देत. बहुतेक वेळा तो एकच असे: "काल जेवणाक काय होता?" मला वाटलं, यात काय ओळख होणार? पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला जेटीवर मासे विकणाऱ्या शालनकाकी आल्या. धिप्पाड बाई, केसांत अबोलीचा वळेसर, लिलावाआधी तासभर वर्गाला येणाऱ्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, "पिठलं."

"परवा?"

"परवाही पिठलंच."

शालनकाकींनी माझ्याकडे अशा कळवळ्याने पाहिलं, जणू मी घरातला कुठला दुखवटा सांगितला होता. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. पण संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या, हातात काळ्या वाटाण्याची आमटी आणि फडक्यात गुंडाळलेले गरम वडे. माझा वेंगुर्ल्यातला पहिला पाहुणा. मास्तरांचा प्रश्न मी त्यानंतर कधी हसण्यावारी नेला नाही.

फोनचा त्यांना मनस्वी राग. दारातल्या टोपलीत सगळ्यांचे फोन टाकावे लागत. एकदा आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन वाजायचा थांबेना. ते एका पायावर वृक्षासनात उभे, हात जोडून डोक्यावर. मास्तरांनी टोपलीतून फोन उचलला आणि शांतपणे सांगितलं, "सायब झाड झाले आसत. मगे फोन करा." मुख्याध्यापक हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडले. फोन त्यांच्या व्याह्यांचा होता. त्या घरी पुढे बरेच दिवस चौकशी चालू होती म्हणे.

हा वर्ग का काढला, असं मी त्यांना विचारलं होतं. शेड झाडून कुलूप लावताना त्यांनी सांगितलं, "मॅडम, माज्या गाडीत माणसां बाजूक बाजूक बसली काय बोलाक लागत. कोणाचो पोरगो खंय, कोणाच्या घरात काय आजार, सगळा समजा. लग्नां जमली माज्या गाडीत. शेवटच्या वर्सांनी बगलंय, सगळ्यांच्या कानात वायरी. गाडी भरलेली, पण गाडीत कोण नाय." त्यांनी कुलूप ओढून बघितलं. "रिटायर झालंय तेवा वाटला, गाडी गेली तर गेली. माणसां बाजूक बसवूचा काम माका येता. ताच करूया."

पण वेंगुर्ल्याएवढ्या गावात अनोळखी माणसं आणायची कुठून, हा मोठाच प्रश्न होता. इथं माणूस दिसला की तो कोणाचा कोण हे तीन पिढ्यांमागून सुरू होतं. थोड्याच दिवसांत वर्गातले सगळे एकमेकांना ओळखू लागले आणि मास्तर अस्वस्थ झाले. मग ते सकाळी बसस्टँडवर जाऊन माणसं धरून आणू लागले. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी गाडीची वाट बघत होता. त्याला त्यांनी "गाडीक टायम आसा" असं सांगून आणलं. पँट-शर्टात, पायाशी बॅग ठेवून, त्याने सगळी आसनं केली. गाडी अर्थात चुकली. तो चिडेल असं आम्हाला वाटलं, पण पुढे वेंगुर्ल्यात यायचं झालं की तो मुद्दाम आदल्या दिवशी मुक्कामाला येऊ लागला. पुण्याचं एक जोडपंही असंच आलं. त्यातला नवरा शालनकाकींच्या वाट्याला आला आणि पाठीला पाठ लावल्यावर त्याने कबूल केलं, की समुद्रात बुडी मारायची भीती वाटते म्हणून तो दोन दिवस पोट बिघडल्याचं नाटक करतोय. काकींनी हे गुपित फार काळ जपलं नाही. "अगो बाय," त्या शेडच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्याच्या बायकोला ओरडल्या, "तुज्या घोवाच्या पोटाक काय एक झाला नाय!" ती बाई इतकी हसली, की तिला आडवं व्हावं लागलं.

तरीही पावसाळ्यात पाहुणे आटले. तेव्हा मास्तरांनी नवा नियम काढला. "जेंचा एकमेकांशी बोलणा बंद आसा, तीय अनोळखीच," त्यांनी जाहीर केलं. "वर्सांनुवर्सां बोललास नाय म्हणजे तो माणूस नवो झालो. तुमका काय म्हायत तो आता कसो आसा?" या नियमाखाली त्यांनी एकाच घरातल्या दोन जावांना पाठीला पाठ लावून बसवलं. त्या आमच्या वर्गात बोलल्या नाहीत, पण वाटेत भांडल्या, आणि भांडण म्हणजे बोलणं सुरू झालं असं मास्तरांचं मत पडलं.

एकदा हा नियम ते पुन्हा समजावून सांगत होते आणि शालनकाकी चटईवरून म्हणाल्या, "मगे मास्तर, तुमी भाईंका कित्या बोलवणास नाय?"

मास्तरांचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग ते म्हणाले, "आज एवढाच पुरे," आणि शेडबाहेर जाऊन माडाच्या बुंध्याशी पाठ करून उभे राहिले.

भाई कोण, हे मला काकींनी वाटेत सांगितलं. भाई म्हणजे मास्तरांच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघं वर्षानुवर्षं वस्तीच्या गाडीवर होते. संध्याकाळी आडगावात गाडी पोचवायची, तिथंच स्टोव्हवर भात शिजवायचा, गाडीतच झोपायचं आणि पहाटे गाडी घेऊन परतायचं. भाईंची मुलगी लहानपणी मास्तरांच्या खांद्यावरच वाढली. एका पहाटे परतताना गाडी वळणावर ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला धडकली. एका म्हाताऱ्या बाईचं कमरेचं हाड मोडलं, बाकी सगळे वाचले. भाईंनी चौकशीत सांगितलं, ब्रेक लागला नाही. मास्तरांनी सांगितलं, ब्रेक नीट होता, ड्रायव्हरचा डोळा लागला. भाई आदल्या रात्री तापाने फणफणलेल्या बायकोपाशी जागे होते, हेही मास्तरांनी सांगितलं, पण त्याने काही फरक पडला नाही. भाई बरेच दिवस घरी बसले, मग त्यांना डेपोच्या आतलं काम मिळालं. स्टिअरिंग हातात पुन्हा आलं नाही. तेव्हापासून दोघं एका गावात राहून एकमेकांचा रस्ता टाळत होते. भाईंच्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही मास्तर नव्हते.

"चूक कोणाची?" मी विचारलं.

"चूक भाईंची," काकी म्हणाल्या. "पण दोघांचीय तोंडां बगा. तेंका बगून कोण सांगात काय, चूक कोणाची ती?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी भाईंकडे गेलो. काकींच्या टोपलीत बांगडे होते, हे निमित्त. भाई पडवीत बसून कोणाचा तरी पाण्याचा पंप दुरुस्त करत होते. भला थोरला माणूस, दंड अजून ड्रायव्हरचे. काकींनी वर्गाचा विषय काढला तसे त्यांनी हात पुसले.

"तेनी पाठवल्यान तुमका?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना माहीतही नाही."

"मगे मी येतंय नाय," भाई म्हणाले आणि पुन्हा पंपाकडे वळले. आतून त्यांच्या बायकोने आम्हाला चहा आणून दिला. ती फाटकापर्यंत पोचवायलाही आली.

काही दिवसांनी, पाऊस उघडलेल्या एका सकाळी, शेडच्या दारात भाई उभे होते. हाफ पँट, बनियन, बगलेत घरातली गोणपाटासारखी जाड चटई; बायकोनेच ती हातात देऊन पाठवलं असावं. मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि पहिल्यांदाच कुणाला 'खंयसून इलास?' असं विचारलं नाही. भाई आत आले आणि सगळ्यात मागे बसले.

जोड्या लावायची वेळ आली. शालनकाकी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या एकदम कण्हल्या. "माजो गुडघो गेलो आज. मी नुसती बगतंय." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा गुडघा त्या दिवशी माझ्यापेक्षा ठणठणीत होता. मुख्याध्यापकांनी मला आपल्या जोडीला बोलावलं आणि भाई एकटे उरले. एकटा माणूस उरला की मास्तर कुणाला तरी इकडून तिकडे सरकवत. ते सगळीकडे बघू लागले. कुणीही जागचं हललं नाही.

"नियम सगळ्यांका," काकी म्हणाल्या, "तुमका वेगळो आसा?"

मास्तर आले आणि भाईंच्या पाठीला पाठ लावून बसले. त्यांना वर्गात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांची पाठ भाईंच्या अर्धीही नव्हती.

"डोळे मिटा," मास्तर म्हणाले. "बाजूच्याचो श्वास आयका."

आम्ही डोळे मिटले.  पत्र्यावरून पागोळ्या पडत होत्या. बऱ्याच वेळाने भाईंचा आवाज आला.

"बारीक झालंस."

"श्वास घेवचो, बोलूचा नाय," मास्तर म्हणाले.

"घेतंय."

 मग मास्तर बोलले, पण तो वर्गातला आवाज नव्हता. "आदी तुका सांगूक होया होता. तुज्या घरात येवन, तुज्या तोंडार. मगे साहेबांका. मी उलटा केलंय."

"माका झोप लागली ता माका म्हायत होता," भाई म्हणाले. "तुकाय म्हायत. खोटा मी बोललंय, तू नाय. तेचो राग माका कित्या येतलो?"

"मगे?"

"चेडवाच्या लग्नाक येवक नाय तू."

"बोलवणा खंय होता?"

मी डोळे उघडले. खरं म्हणजे सगळ्यांनीच उघडले होते आणि सगळेच मिटल्यासारखं दाखवत होते. भाईंनी मान वळवली होती, पण पाठ काढली नव्हती. "तुका बोलवणा?" ते म्हणाले. "गावाक बोलवणा केलंय, पावण्यांका केलंय. घरच्या माणसाक कोण बोलवणा करता रे? मी मांडवाच्या दारात उभो. तू येतलंस म्हणान."

 अगदी बारीक आवाजात मास्तर म्हणाले, "कपडे घालून बसान होतंय. दुपारपर्यंत. ही सांगत होती, जावा. माका वाटला, बोलवणा नाय, कसा जावचा?"

माझ्या पाठीला टेकलेले मुख्याध्यापक हुंदका आवरत होते, ते मला त्यांच्या बरगड्यांतून कळत होतं. काकी पदराने नाक पुसत होत्या. मास्तर आणि भाईंनी एकमेकांकडे तोंड केलं नाही. तसेच टेकून बसून राहिले, एक जाड आणि एक बारीक, आणि आमच्या पायांना मुंग्या आल्या तरी "सोडा" असं सांगायचं मास्तरांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर वर्गाचं काय झालं म्हणाल तर बिघडला. भाई रोज येऊ लागले आणि मास्तरांच्या प्रत्येक सूचनेवर वाद घालू लागले. मास्तर "हळूहळू" म्हणेपर्यंत भाई आसन पुरं करून बसलेले. मध्येच दोघं कुठल्याशा जुन्या रस्त्यावरच्या कुठल्याशा वळणावरून भांडत आणि आम्ही वाकलेले तसेच राहत असू. रोज एकमेकांशेजारीच बसायचे. काकींनी पाटीकडे बोट दाखवलं, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "आमची अजून पुरती वळख झाली नाय."

पुढे माझी बदली नाशिकला झाली. निघायच्या दिवशी मास्तर मला भेटायलाही आले नाहीत. निरोप द्यायला त्यांना कधी जमलंच नाही, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं, मग वाटलं नाही. आता नाशिकला मी एका फार चांगल्या योगवर्गाला जाते. शिक्षिका तरुण आहे, प्रत्येक आसनाचं नाव अचूक सांगते, आरशांनी भरलेली खोली आहे. शेजारच्या बाईला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काल जेवायला काय होतं?" तिने जरा चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि मग सांगितलं. आता आम्ही रविवारी एकमेकींकडे जेवतो.

पण मास्तर आठवले की मला हे काहीच आठवत नाही. आठवते ती गणपतीतली, गौरीच्या दिवसांतली एक सकाळ. भाईंची मुलगी मुंबईहून माहेरी आली होती. आम्ही सगळे चटयांवर उताणे पडून होतो आणि मास्तर आम्हाला पाय वर उचलायला लावत होते. "वर, अजून वर, आता थयच धरून ठेवा," असं म्हणत ते आमच्यामधून फिरत होते. एवढ्यात दारात ती आली. कडेवर वर्षाचं मूल, केस अजून ओले.

"काका," ती म्हणाली, "चला, जेवक."

मास्तर वळले. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती कॉलेजात असावी. "क्लास चालू आसा गो," ते कसंबसं म्हणाले.

"असांदे. माज्या लग्नाचा जेवण ऱ्हवला तुमचा. आयेन पातोळ्यो केल्यान आसत, थंड होतत. उठा!" वास्तविक ते उभेच होते. तिने मूल त्यांच्या हातात दिलं. त्यांना दुसरं काही सुचायच्या आत त्यांच्या दंडाला धरून ती त्यांना दाराबाहेर घेऊन गेली. मुलाने त्यांच्या खाकी शर्टाचा खिसा घट्ट पकडला होता.

ते मागे वळले नाहीत. आम्हाला काही सांगितलंही नाही. 'पुरे' न म्हणता वर्ग सोडून गेले ते त्या एकाच दिवशी.

आमचे पाय हवेतच होते आणि थरथरत होते. भाई माझ्या शेजारच्या चटईवर होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे चाललं होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"आता सोडूची नाय ती तेका," ते वरच्या पत्र्याला म्हणाले. "आयेवर गेली हा."

"भाई," पलीकडून शालनकाकी कण्हल्या, "पाय खाली घेवचे काय?"

भाईंनी थोडा विचार केला. "घेवा," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी आपापले पाय हळूच जमिनीवर टेकवले.